गायरानातले दोन खड्डे

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

शिक्का मागितला! सकाळी चहाचा कप हातात देता देता रोहिणी म्हणाली, "अहो, तेवढा ग्रामपंचायतीचा शिक्का द्या. आजपासून माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

तीन वर्षं शिक्का माझ्या शर्टाच्या खिशात आहे. सरपंच ती — कागदावर. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून बायकोला उभं केलं, पण निवडून कुणी आणलं? घरोघर पाया पडलो मी. पत्रकं वाटली मी. भाषणं मी ठोकली. तेव्हापासून शिक्का माझ्याकडं अन् सहीपण मीच करतो. 'रो' मोठा काढायचा, पुढं एक लांब रेघ ओढायची, खाली दोन टिंबं. झाली सरपंचांची सही! गावाला सगळं माहीत आहे. ग्रामसेवकसुद्धा कागद माझ्याच पुढं धरतात. गावोगाव असंच चालतं.

कशाला पाहिजे म्हणालो, तर म्हणाली, "त्या दिवशी ट्रेनिंगला मॅडम बोलल्या. ज्याचं पद, त्याचीच सही."

दिला. चहा तसाच ठेवून उठलो. त्या ट्रेनिंगला मीच तिला मोटरसायकलवर सोडलं होतं. माझ्यासारखा मूर्ख मीच!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आमच्या वस्तीचा रस्ता मंजूर झालाय. ठेकेदार सरळ बोलला — "मच्छिंद्रशेठ, गायरानातला मुरूम काढायची परवानगी जो आणंल, त्याचं मशीन लावतो." परवानगी तहसीलदार देतात, पण त्याआधी ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हटलं, घरचीच सरपंच, चिंता कसली! बारा वर्षं जेसीबी चालवतोय. दिवाळीपासून मशीन दारात उभं आहे. हा रस्ता मिळाला तर उन्हाळ्यापर्यंत बघायला नको.

जेवताना विषय काढला. ती भाकरी थापतच म्हणाली, "तुमच्या नावानं ठराव न्हाई घेता येणार."

"का? मी गावचा न्हाई?"

"घरचं हाय म्हणूनच न्हाई. गाव म्हणंल, सरपंचीण गायरान नवऱ्याच्या घशात घालतीय. कुणी तक्रार केली तर पद जाईल माझं."

माझं! माझं पद म्हणे!

"मग देणार कुणाला?"

"बुद्धभूषणचा अर्ज आलाय."

चांगदेव अण्णांचा बुद्धभूषण. डिप्लोमा केला, चाकणला कंपनीत होता, आता जुना जेसीबी घेऊन गावात आलाय. सहा महिने झाले मशीन घेऊन! त्याला खोरं कुठून धरायचं ते मी दाखवलंय. अर्ध्या भाकरीवर उठलो. आई — गजराबाई आमची — दारातून ओरडली, "अरं मच्छिंदर, अन्नावर कशापायी राग काढतुस?"

सोमवार, १० नोव्हेंबर

ग्रामसभा झाली. मारुतीच्या देवळापुढं. दरवेळी मधल्या खुर्चीत मी बसायचो आणि रोहिणी कडेला, पदर घेऊन, बायकांच्यात. आज मी गेलो तर ती मधल्या खुर्चीत आधीच बसलेली! मी उभा. ज्योतिबा — माझा दोस्त, पंचायतीचा मेंबर — हळूच हसला. म्हणाला, "राव, बसा की सतरंजीवर. लई जागा हाय."

बसलो सतरंजीवर. काय करतो!

बुद्धभूषणनं नकाशा आणला होता. रंगीत. गायरानाचा कुठला तुकडा, किती खोल खणणार, नंतर कडा उताराच्या करून देणार — फाडफाड बोलला. "ताई, गुरं-मेंढरं पडायला नकोत म्हणून कडेला चर सोडणार हाये." ताई! बायका मान डोलावतायत. रोहिणीनं दोनदा प्रश्न विचारला त्याला. मला घरात कधी दोन प्रश्न विचारत नाही ती. "दोनशे ब्रासच्या वर एक घमेलं न्यायचं न्हाई" म्हणाली. तो म्हणाला, "न्हाई नेणार." मग हात वर झाले. मीच तेवढा खाली ठेवला, पण मोजणाऱ्यानं तिकडं बघितलंच नाही.

आणि तिनं सही केली. 'रोहिणी मच्छिंद्र' — पूर्ण, सावकाश, शाळेतल्या पोरीसारखी. माझी रेघ नाही, टिंबं नाहीत. टाळ्या वाजवल्या लोकांनी! सहीला टाळ्या!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मशीनला ग्रीस भरलं. कशासाठी भरलं देव जाणे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज ती एकटी घोडेगावला गेली, एसटीनं. तहसीलला कागद द्यायचे होते. मी म्हणालो सोडतो, तर म्हणाली, "नगं, गाडी हाय नऊची." दुपारी फोन केला तर बिझी. परत केला, बिझी. तिसऱ्यांदा उचलला — "अहो, बुद्धभूषणशी बोलत व्हते, त्याचा एक कागद कमी हाय." मी फोन ठेवला. संशय नाही माझ्या मनात, तसला नाही. ती तसली नाही आणि तोही मान खाली घालून बोलतो. पण माझ्याशी ती इतकं कधी बोलते? मीठ संपलं, आईची गोळी आणा, मोटर चालू करा. झालं.

चहाच्या टपरीवर आज दोघं जण विचारत होते, "सरपंच हायेत का घरी?" मी म्हणालो, काय काम आहे? तर म्हणतात, "तुमचं न्हाई भाऊ, ताईंकडं काम व्हतं." मागच्या दिवाळीला हीच माणसं मला 'सरपंच' म्हणून हाक मारायची. मीही ओ द्यायचो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मिळाली त्याला परवानगी. तलाठी मॅडम येऊन हद्द आखून गेल्या — चुन्याची फक्की, चार कोपऱ्यांना लाल झेंडे. उद्यापासून मशीन लागणार. चांगदेव अण्णांनी पेढे वाटले. आमच्या घरीही पुडा आला. आईनं दोन खाल्ले. मला पुढं केला तर दात दुखतो म्हणालो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

गायरानावर जाऊन आलो. जाणार नव्हतो, पण मशीनचा आवाज वस्तीवर येतो. घरात बसवेना.

काम चांगलं करतोय. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं कशाला लिहू? इथं कोण वाचतंय? कड सरळ, बकेट वाया जात नाही, माती वेगळी, मुरूम वेगळा. माझ्यापेक्षा बरा हात बसलाय बेट्याचा.

त्याच्या झेंड्याला लागूनच, ओढ्याच्या अंगाला माझा जुना खड्डा आहे. दोन वर्षांपूर्वीचा. ठराव केला होता शाळेच्या मैदानात मुरूम टाकायचा. मैदानात दहाएक खेपा टाकल्या, बाकीचा हायवेला एकाच्या हॉटेलच्या प्लॉटवर गेला. तहसीलची परवानगी? कोण विचारतं! ठरावावर रोहिणीची सही मीच केली. तिला मैदानाएवढंच माहीत.

तिथं उभा राहिलो आणि डोक्यात आलं. दोन खड्ड्यांच्या मधे एक बांध आहे, हातभर रुंद. लांबून बघणाऱ्याला एकच खड्डा वाटतो. आणि एकच असला, तर पोरगं हद्द सोडून बाहेर खणतंय की!

सोमवार, १ डिसेंबर

तहसीलदारांना अर्ज लिहिला. निनावी. 'गायरानात परवानगीच्या हद्दीबाहेर ओढ्याकडे बेकायदा उत्खनन चालू आहे, तरी मोजणी होऊन परवानगी रद्द व्हावी.' खाली 'एक ग्रामस्थ'. अक्षर जरा तिरकं काढलं. मंचरला जाऊन पोस्टात टाकला, गावच्या पोस्टात नको.

पेटीत टाकल्यावर मोकळं वाटलं! भेळ खाल्ली. आईला आणि रोहिणीलाही आणली. रोहिणी म्हणाली, "आज काय विशेष?" म्हणालो, काही नाही, सहज.

गुरुवार, ४ डिसेंबर

चहा पिताना तोंडातून गेलंच — "बघ आई, त्या बुद्धभूषणचं काम पंधरा दिवसांत बंद पडतंय." आई म्हणाली, "कावळ्याच्या शापानं गाय मरत न्हाई, मच्छिंदर." आमच्या म्हातारीला असलं बरं सुचतं!

बुधवार, १० डिसेंबर

रोहिणी कालपासून गप्प. जेवायला वाढते, पण बघत नाही. पंचायतीत काहीतरी झालं असणार. मी विचारलं नाही. शिक्का आपल्याकडं घेतला ना? मग आता निस्तर म्हणावं.

सोमवार, १५ डिसेंबर

आलं! तहसीलचं पत्र आलं. गुरुवारी मोजणी. मशीन तोवर बंद. ज्योतिबानं बातमी आणली, "कुणीतरी अर्ज टाकलाय राव, गावातलाच दिसतोय." मी म्हणालो, "काय माणसं असतात!" हे बोलताना मला हसू कसं आलं नाही, याचंच नवल.

बुद्धभूषण दुपारी घराकडं आला. रोहिणीला म्हणाला, "ताई, मी वीतभरबी भाईर गेलो न्हाई." ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. मोजू दे." त्याच्याशी बोलताना आवाज किती मऊ झाला तिचा! मी ओसरीवर बसून पेपर वाचत होतो. एकच बातमी चारदा वाचली.

गुरुवार, १८ डिसेंबर

लिहू का नको?

मोजणीला अर्धं गाव गोळा झालं. तीन पायांवरचं मशीन लावलं, काठी घेऊन एक जण कडेकडेनं फिरला. मी पुढंच उभा, अगदी पहिल्या रांगेत. बुद्धभूषणचा खड्डा मोजला — बरोबर. फक्कीच्या आत. मग तलाठी मॅडम माझ्या खड्ड्याकडं वळल्या. मी म्हणालो, "मॅडम, हा बघा, हा सगळा हद्दीबाहेर हाय." मीच दाखवला!

मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "पण ह्यात कमरेएवढा तरवड उगवलाय. तळाला गाळ बसलाय. हा पंधरा दिवसांतला नाही." मग इकडंतिकडं बघून विचारलं, "इथं रोज कोण असतं?"

रोज कोण असतं! आमची आई असते. आजोबांच्या वेळी तीनशे मेंढ्या होत्या, आता बारा उरल्यात, पण त्या बारा घेऊन म्हातारी रोज गायरानात असते. तिथंच उभी होती, काठीवर हनुवटी टेकून. मॅडमनी विचारलं, "आजी, हा खड्डा कधीचा?"

आईचा चेहरा फुलला. "ह्यो व्हय? ह्यो माझ्या मच्छिंदरनं काढला! दोन पावसाळं झालं. लई बेस काम झालं बघा बाई. पाणी साठतं, फाल्गुनापतूर टिकतं. माझी मेंढरं हितंच पित्यात, लांब न्यायला लागत न्हाईत. आजूबाजूच्या वाड्यावरचीबी येत्यात."

मी म्हणालो, "आई, तू गप." ती म्हणाली, "का गप? केलंस तर केलंस म्हणावं! लिवा बाई, लिवा. मच्छिंद्र—" पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. तिला वाटलं, पाणवठा केला म्हणून सरकार पोराचं नाव लिहून घेतंय. पंचनाम्यावर अंगठासुद्धा कौतुकानं दिला. बोट पदराला पुसत माझ्याकडं बघून हसली.

कुणी हसलं नाही. ज्योतिबासुद्धा नाही. बुद्धभूषण खाली बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, २० डिसेंबर

आईला कुणीतरी समजावून सांगितलं. काल मेंढ्या सोडल्या नाहीत तिनं. "मी माझ्या लेकराचा गळा कापला" म्हणत बसली. मी म्हणालो, तुझी काय चूक? तू खरं तेच बोललीस. ती जास्तच रडायला लागली.

शुक्रवार, २६ डिसेंबर

नोटीस आली. माझ्या नावानं नाही — रोहिणीच्या! जुना ठराव निघाला. खाली सरपंचांची सही, शिक्का. 'गायरानातील मुरूम विनापरवाना काढण्यास संमती दिल्याबद्दल आपले पद का रद्द करू नये?' तेरा जानेवारीला घोडेगावला म्हणणं मांडायचं.

'रो' मोठा, लांब रेघ, दोन टिंबं. नोटिशीला जोडलेल्या झेरॉक्समध्येसुद्धा स्पष्ट दिसतंय.

तिनं वाचली, घडी घातली, कपाटात ठेवली. "वांग्याचं करू का मेथीचं?" विचारलं. ओरडली असती तर सोसलं असतं मी.

सोमवार, २९ डिसेंबर

ज्योतिबा म्हणतो, वहिनींना सांग, सही माझीच असं त्यांनी म्हणावं, मैदानासाठी दिली होती, बाकीचं ठाऊक नव्हतं. हात जोडले तर पद वाचेल. "अन् सही तुझी निघाली तर राव, तू आत. खोटी सही म्हंजी पोलीस केस."

तिला तसं सांगितलं. ती धान्य पाखडत होती. म्हणाली, "मला काय बोलायचं ते मी बोलीन." एवढंच. सूप थांबलं नाही.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

नवीन वर्ष. दोन्ही जेसीबी उभे.

सोमवार, ५ जानेवारी

वस्तीचा रस्ता अर्धाच राहिलाय. शाळेच्या पोरी सायकली हातात धरून खडीतनं जातात. चौकशी संपेपर्यंत बुद्धभूषणचंही काम बंद.

आज ओढ्याजवळ समोरासमोर आलो. मी रस्ता बदलणार होतो, त्यानंच गाडी थांबवली. "मच्छिंद्रभाऊ, ताईंचं पद जाऊ नये बरं का. माझं काम गेलं तरी चालंल. चार वर्षं आमच्या गल्लीत पाण्याची लाईन मागत व्हतो, ताईंनी दोन महिन्यात आणली."

दोन महिन्यात. म्हणजे शिक्का घेतल्यापासून. त्याआधीची तीन वर्षं ती लाईन कुणी अडवली होती? अडवली नव्हती मी. कागद खिशातच राहिला असेल कुठंतरी.

बरं बरं म्हणालो आणि गाडीला किक मारली.

गुरुवार, ८ जानेवारी

खरं लिहितो. बुद्धभूषणचं निमित्त होतं. ठराव दुसऱ्या कुणाला दिला असता, तरी मी त्याच्यावर जळलो असतो. माझा जीव जळतो तो तिच्यावर. तिला जमतं याच्यावर! मी तीन वर्षं खुर्चीत बसलो, लोक भ्यायले असतील, हसले असतील मागं, पण असं कुणी म्हणालं नाही की ह्याचं पद जाऊ नये. ती दोन महिने बसली आणि लोक तिच्यासाठी रस्त्यात गाडी थांबवतात. सातवी शिकलेली बाई! लग्नात तिला माझं नाव घेताना शब्द फुटत नव्हता. आता भर सभेत बोलते आणि माणसं ऐकतात. मला बघवत नाही. नवरा आहे मी तिचा, मला आनंद व्हायला पाहिजे ना? होत नाही. काय करू?

रविवार, ११ जानेवारी

तिनं घोडेगावला न्यायची साडी इस्त्री केली. माझा शर्टही केला. मी सांगितलं नव्हतं.

मंगळवार, १३ जानेवारी

एका दमात बोलली तहसीलदार साहेबांपुढं, दाराबाहेर मला ऐकू आलं. "ठरावावरची सही माझी न्हाई, माझ्या नवऱ्याची हाय. तीन वर्षं मी करू दिली, ती चूक माझी. पद घ्यायचं तर घ्या."

मग मला आत बोलावलं. साहेबांनी फाईल माझ्याकडं फिरवली. वर माझा तो निनावी अर्ज. ग्रामपंचायतीचं मत घ्यायला त्यांनी आधीच तिच्याकडं पाठवला होता म्हणे. खाली तिच्या हातचं — 'अक्षर माझ्या पतीचे आहे. जुना खड्डा त्यांचाच आहे. तरी दोन्ही खड्डे मोजावेत. सरपंच.' तारीख नऊ डिसेंबर. मोजणीच्या नऊ दिवस आधीची.

साहेबांनी विचारलं, "अर्ज कुणाचा, ओळखता का?"

ओळखतो म्हणालो.